वडिलांनी राखून ठेवलेली खोली आणि ‘घराची जीवनदृष्टी’: लेकीच्या प्रकल्पासाठी विचारतेय

माथाड्याची_लेक (कोपरखैरणे)

नमस्कार. माझी मुलगी वाशीला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. समाजशास्त्राच्या प्रकल्पाला तिला विषय मिळालाय ‘माझ्या घराची जीवनदृष्टी’. घरातल्या तीन पिढ्यांशी बोलायचं आणि लिहून काढायचं. ती वही घेऊन आजोबांसमोर बसली आणि विचारलं, “आबा, तुमची जगाकडे बघायची दृष्टी काय?” आबा म्हणाले, “माझी कसली आलीय दृष्टी. पांडुरंगानं चालवलं, आम्ही चाललो.” वहीत एवढंच एक वाक्य आहे. पुढे काय लिहायचं ते तिला कळेना आणि मलाही सांगता येईना, म्हणून इथे विचारतेय.

आबा पाटण तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले, मशीद बंदरला गोणी उचलायला. राहायला गावकीचा गाळा, म्हणजे गावच्या माणसांची मिळून एक खोली. एकाची वळकटी उचलली की त्याच जागी दुसऱ्याची पडायची. भिंतीच्या कडेने पेट्या, खिळ्याला पिशव्या, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या वर्गणीतून खाणावळीचा हिशोब. पुढे घाऊक बाजार तुर्भ्याला आले तशी माथाडी माणसंही खाडी ओलांडून इकडे आली. आम्हाला कोपरखैरण्यात बैठं घर मिळालं. माझा भाऊ आणि मी इथेच वाढलो.

घराची पुढची खोली आबांनी आजवर कधी भाड्याने दिली नाही. आत एक पत्र्याची पेटी, कोपऱ्यात सतरंज्या आणि वळकट्या, एक माठ. किल्ली दाराच्या चौकटीला आतून अडकवलेली असते. गावचं कुणी पोलीस भरतीला आलं, टाटाला पेशंट घेऊन आलं, परीक्षेला आलं की तिथे उतरतं. कधी महिनोन्महिने कुणीच येत नाही. तरी आबा दर शनिवारी खोली झाडून काढतात, माठ धुऊन पाणी बदलतात, वळकट्या उन्हात टाकतात. गुडघे धरलेत, पण हे काम ते सुनेला करू देत नाहीत.

भावाचं म्हणणं, खोली रिकामी पडलीय, चांगलं भाडं येईल. तो वाईट माणूस नाही हो. दोन पोरांच्या फिया आहेत, कर्ज आहे, आणि आबांच्या औषधांचा खर्चही तोच करतो. आबांना कारण विचारलं की एकच उत्तर, “गावचा माणूस आला तर उतरंल कुठं?” भाऊ सांगतो, आता गल्लीगल्लीत लॉज आहेत, येणारी पोरं मोबाइलवर बघूनच येतात. यावर आबा काही बोलत नाहीत. मागच्या महिन्यात फक्त एवढंच म्हणाले, “रिकामी न्हाय ती.”

तर माझे प्रश्न. जीवनदृष्टी म्हणजे माणूस विचारल्यावर सांगतो ती, की न विचारता वागतो ती? गळ्यातली माळ, एकादशी, आषाढी हे सगळं लिहायचं की ही खोली लिहायची? भावाची दृष्टी वेगळी आहे असं म्हणायचं, की दृष्टी तीच आणि फक्त गरज वेगळी? आणि ज्या गाळ्यात ही रीत घडली तो सुटून किती वर्षं झाली, मग ती टिकली कशाच्या जोरावर? मुलगी नुसत्या मार्कांसाठी विचारत नाहीये. तिला तिच्या आबांबद्दल खरं लिहायचंय.

---

खाडीकाठचा (दिवा कोळीवाडा, ऐरोली)

ताई, खोलीच लिहा. बाकी सगळं तिच्या मागोमाग येईल.

आमच्याकडचं सांगतो म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल. माझी आई सकाळी उठली की पहिला प्रश्न विचारते, “आज तिथ कुठली?” तिला उपास धरायचा नसतो, पाण्याची वेळ काढायची असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असली तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. आमची खाडी आत असल्याने पाणी थोडं मागे-पुढे होतं, ते जिने तिने आपल्या खाडीपुरतं धरायचं. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. भांगाला पाणी नीट चढत नाही आणि नीट उतरतही नाही, तेव्हा जाळी दुरुस्त करायची, लग्नाचं आवतण द्यायला जायचं. आईचा सगळा पंधरवडा असा बांधलेला आहे. रविवार काय आणि बुधवार काय, तिला फरक पडत नाही.

माझ्या फोनमध्ये भरतीचं अ‍ॅप आहे. मिनिटासकट वेळ दाखवतं. तरी मी आईला विचारतो, कारण अ‍ॅप फक्त वेळ सांगतं. आई सांगते की आज पाणी उतरल्यावर कुठल्या बाजूची खाजण, म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन, उघडी पडेल, चिंबोरीची बिळं कुठे असतील, वारा फिरला तर पाग (फेकायचं जाळं) टाकायला जाऊ नको. इथे ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला होड्या सुटतात, तिथे येणारी मंडळी विचारतात की रविवारी सकाळी नऊची होडी का नाही. त्यांच्या हिशोबात होडी घड्याळावर सुटते. आमच्या हिशोबात ती चंद्रावर सुटते. ओहोटीला नऊ वाजले असतील तर होडी चिखलात बसलेली असते.

आता तुमच्या आबांच्या त्या तीन शब्दांकडे येतो, “रिकामी न्हाय ती.” वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या आजीच्या तोंडी हेच होतं.

मुंबईत माणूस मावेना, म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवावं हा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडला. १७ मार्च १९७० ला ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी ठरल्या. विचार करणाऱ्यांच्या मनात आमचं वाईट करायचं नव्हतं, हे मी मनापासून मानतो. त्यांना मुंबईची गर्दी दिसत होती, आणि त्या गर्दीतून या बाजूला पाहिलं की मोकळी जमीन दिसायची. आजीला तीच जमीन भरलेली दिसायची. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, बांधाच्या आत भात, त्यापुढे मिठागर, मिठागराच्या पलीकडे कांदळ (खारफुटी), कांदळाच्या मुळांत कोळंबी, चिखलात निवट्या मासा. बांध फुटला तर अख्ख्या गावाने रात्री उठून माती टाकायची. यातलं कुठलं काम कुणाचं, कुणी कुणाच्या हद्दीत जाळं लावायचं नाही, सगळं ठरलेलं. हे सगळं जिथे होतं तिथे नकाशावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची तरतूद आली. तो विजय मोठा होता आणि आम्ही तो विसरणार नाही. पण सातबारा जमिनीचा निघतो, भरतीच्या पाण्याचा निघत नाही. आजीचं जे गेलं त्यातलं बरंचसं कुठल्याच उताऱ्यावर चढलेलं नव्हतं.

म्हणून मी दृष्टी कशी ओळखतो सांगू? माणसाला काय रिकामं दिसतं आणि काय भरलेलं दिसतं, ते बघतो. देवाचं नाव काय घेतो, मत कुणाला देतो, यातून एवढं कळत नाही. तुमच्या भावाला खोलीत कुणी राहत नाही हे दिसतं. आबांना त्या खोलीत अजून न आलेला माणूस दिसतो. दोघांचे डोळे शाबूत आहेत आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

टिकते कशाने विचारलंत. हाताने टिकते. आईने मला कधी बसवून भरती-ओहोटी शिकवली नाही, “जा, पानी किती आयलं बघून ये” म्हणून पिटाळायची. आबा दर शनिवारी माठ धुतात तेव्हाच ती रीत पुढच्या शनिवारपर्यंत जाते. शेजारच्या आगरी घरांत लग्नाचे धवले गायला धवलारीण यायची, सगळे विधी तिच्या गाण्यावर चालायचे. आता ज्या घरांत तिला बोलावत नाहीत त्या घरांतल्या पोरींना धवल्याचा अर्थ सांगून उपयोग होत नाही, ते कानावरच नाही. माझ्या मुलाला रोहितांच्या जाती इंग्रजीतून येतात, तिथी येत नाही. त्याला मी आता ओहोटीला बरोबर नेतो.

---

नौपाड्याच्या_मॅडम (ठाणे)

मी समाजशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. खाडीकाठचा यांनी जे लिहिलं त्यापुढे पुस्तकी भर घालायला संकोच वाटतो, पण मुलीला कॉलेजात दाखवायला काही आधार लागेल म्हणून लिहिते.

रॉबर्ट रेडफील्ड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या युकातानमध्ये चान कोम या माया खेड्याचा अभ्यास केला होता. तिथला शेतकरी मक्यासाठी रान तोडण्याआधी रानाच्या देवतांची परवानगी मागायचा, पीक आल्यावर त्यांचा वाटा द्यायचा. शेती त्याच्या लेखी देण्याघेण्याचा व्यवहार होती, आणि त्या व्यवहारात माणूस, रान आणि देव तिघेही बांधलेले होते. त्यावरून रेडफील्ड यांची पद्धत अशी की माणसाला मधोमध उभं करायचं आणि बघायचं, त्याला भोवताली कोण कोण दिसतं. आपले कोण, परके कोण, न दिसणारं काय आहे, आणि यातल्या प्रत्येकाचं आपण काय देणं लागतो.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी पुढे आणखी एक भेद केला. जग खरोखर कसं आहे याचं मनातलं चित्र एकीकडे, आणि कसं जगणं शोभतं याची जाण दुसरीकडे. दोन्ही एकमेकांना धरून असतात. आबांच्या मनात जग असं आहे की माणूस गावाहून एकटा येतो आणि त्याला कुणीतरी दार उघडतं, कारण त्यांना कुणीतरी उघडलं होतं. त्या जगात खोली भाड्याने देणं शोभत नाही. भावाच्या जगात पोराची फी थकवणं शोभत नाही.

मुलीला एक सांगा. “तुमची दृष्टी काय” हा प्रश्न कुणालाही विचारू नको. प्रसंग विचार. खोलीत शेवटी कोण राहून गेलं? कुणाला नको म्हणावं लागलं का? माथाड्यांच्या टोळीत एखादा आजारी पडला तर त्याच्या वाट्याची हजेरी कशी धरायचे? आणि मामालाही सोडू नको. त्याला विचार, दुप्पट भाडं मिळालं तरी ही खोली कुणाला देणार नाहीस? तो जे उत्तर देईल तिथे त्याची दृष्टी सापडेल, आणि माझा अंदाज आहे की ती आबांपासून वाटते तितकी लांब नसेल.

एका गोष्टीची काळजी घ्या. ‘वारकऱ्यांची दृष्टी’, ‘माथाड्यांची दृष्टी’ असं सरसकट लिहू नका. एका घरात, एका माणसाच्या आतही दोन-तीन दृष्टी नांदतात.

---

निळी_पायवाट (कळवा)

ताई, तुमच्या आबांबद्दल आदर ठेवून एक विचारते. “गावचा माणूस” म्हणजे गावातला कुठला माणूस? आमचंही गाव तिकडचंच, कोयनेच्या बाजूचं. आमचा बौद्धवाडा गावाबाहेर. माझ्या आजोबांच्या काळी मुंबईत गावकीचे गाळे होते, पण त्यांना त्या गाळ्यात जागा नव्हती. ते रेल्वेत कामाला लागले ते ओळखीच्या एका जातभाईच्या झोपडीत राहून. गाव एकच, आणि उतरायची ठिकाणं दोन.

हे मी भांडायला लिहीत नाही. मॅडमनी म्हटलं ना, आपले कोण आणि परके कोण हे बघायचं. मग खोलीच्या आत कोण आलं याबरोबर दाराबाहेर कोण राहिलं तेही वहीत आलं पाहिजे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांनीही हेच टिपलं होतं, की एका वाटेने, एका नामात चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात.

आणि खाडीकाठच्या दादांना माझं थोडं वेगळं सांगणं आहे. हाताने चालत आलेलं सगळंच राखावं असं नसतं. आमच्या घरी जे हाताने चालत आलं होतं त्यात मेलेली ढोरं ओढणं होतं. ७ डिसेंबर १९५६ ला दादरला बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी हजारोंच्या समुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली, त्यात आजोबा होते. त्याआधी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या होत्या. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही अशी. म्हणजे सुरुवात नाकारण्यापासून आहे. आजोबा घरी आले आणि देव्हारा उतरवला. आजी त्या रात्री जेवली नाही, तिला भीती वाटत होती. पण कोनाडा मोकळा ठेवायचा नाही असं तिनेच ठरवलं, आणि तिथे माझ्या वडिलांची शाळेची पुस्तकं ठेवली. आजही आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तर लहान पोरगंसुद्धा थांबतं.

ही दृष्टी आम्हाला वारशाने मिळाली नव्हती, आजोबा-आजींनी ती उभी केली. एका दिवशी ठरवून, आणि मग पुढे रोज वागून. मला आज ती वारशाने मिळालीय. पण वारशाने मिळालं म्हणून मी तिला विचारल्याशिवाय सोडत नाही, आणि आजोबांनी मला ते करू दिलं असतं असं वाटतं. तुमच्या मुलीनेही आबांना विचारावं. प्रेमाने विचारता येतं.

---

माथाड्याची_लेक (कोपरखैरणे)

सगळ्यांचे आभार. कळव्याच्या ताई, तुमचा प्रश्न मुलीने जसाच्या तसा आबांना वाचून दाखवला. मी स्वयंपाकघरात होते, पण कान तिकडेच होते.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाळ्यात नव्हतं तसं. गाळा भावकीचा. बाकीच्यास्नी येऊच द्यायचे न्हाईत.” मुलीने विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? म्हणाले, “आम्ही पोरं. आम्हाला कोण इचारतंय.” मग टोळीचं सांगायला लागले, आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं. टोळीत सगळ्या गावांची, सगळ्या जातींची माणसं होती. जड गोणी दोघांनी मिळून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायची असते. ती देताना हात मागेपुढे झाला तर खालच्याची मान जाते. “तितं कोण कुणाचा ते बघत न्हाय. वरनं देणारा नीट देतोय का, येवढंच.” आणि मजुरी टोळीची एकत्र यायची, ज्याने जितके दिवस भरले तितकी त्याची. १९६९ चा माथाडी कायदा, माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांनी सांगितली ती ही गोणीची गोष्ट.

कोपरखैरण्याच्या खोलीत कोण कोण राहून गेलं ते मुलीने मग एकेक करून लिहून घेतलं. त्यात बौद्धवाड्यातली माणसं आहेत, टोळीतल्या एकाचा मुलगा आहे, तो आमच्या गावचाही नव्हता. आणि आबांनी स्वतःहून सांगितलं की सुरुवातीच्या वर्षांत आईने एकाला वेगळा पेला काढून दिला होता. आई आता नाही. मुलगी म्हणाली हे लिहू का? आबा म्हणाले, “झालंय ते लिव.”

भावाला तिने दुप्पट भाड्याचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, दारूच्या धंद्यावाल्याला देणार नाही, आणि पेशंट घेऊन आलेल्याकडून भाडं घेणार नाही. खोलीचं काही ठरलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी आहेत.

खाडीकाठचा दादा, मुलीला तुमच्या आईंना भेटायचंय, प्रकल्पासाठी नाही, तिला बघायचंय. रविवारी आणलं तर चालेल का?

---

खाडीकाठचा (दिवा कोळीवाडा, ऐरोली)

आणा की, आईला आनंदच होईल. पण येत्या रविवारी नवमी आहे, भांगाचं पाणी, खाजण फार उघडी पडत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी अवस येतेय. दुपारी बाराच्या आसपास भरती होईल, संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं असेल. साडेचारपर्यंत पोचा. जुने कपडे घालून यायला सांगा, चपला आमच्या घरी ठेवाव्या लागतील. मुलीच्या मामाला वेळ असेल तर त्यांनाही घेऊन या.